घसरणं वेगळं, ढोंग वेगळं: आपल्यापुरतं कसं ओळखावं

आमच्या बचत गटाची हिशोबाची वही माझ्याकडे असते. त्या वहीत जानेवारीच्या एका पानावर मी खोटी तारीख लिहिली होती. तारीख लिहिण्याआधी माझ्या हातून जे घडलं आणि लिहिल्यानंतर मी जे केलं, त्या दोन्हींना मी बरेच दिवस एकच नाव देत होते, 'चूक'. त्या दोन निराळ्या गोष्टी होत्या हे मला उशिरा उमगलं. ज्यांच्या हाती चार माणसांचा विश्वास असतो, मग ती गटाची सचिव असो, सोसायटीचा खजिनदार असो, शिकवणी घेणारी बाई असो की घरातलं वडीलधारं माणूस, त्यांना हा फरक रोजच्या रोज ओळखावा लागतो. तो कसा ओळखायचा ते सांगते.

आधी घडलेलं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. लग्नानंतर अठरा वर्षं विड्या वळल्या, आता शिवणकाम करते. गटात आम्ही बारा जणी. दर महिन्याच्या 5 तारखेला संध्याकाळी बैठक, प्रत्येकीची 200 रुपये बचत, कर्जाला महिना दोन टक्के व्याज आणि हप्ता चुकला की 20 रुपये दंड. जमलेली रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची, हे माझं काम.

त्या जानेवारीत गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती. होम मैदानावर पाळणे उभे राहत होते. माझ्या मुलाच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती 6, आणि फी 1,800 रुपये. यजमान टॉवेलच्या मागावर कामाला, त्यांचा पगार आठवडाभर लांबलेला. गटाचे पैसे कपाटात, माझ्या पिशवीत. मी त्यातले 1,800 काढले. संक्रांतीच्या ब्लाऊजांचे पैसे 11 तारखेला रात्री हातात आले आणि 12 ला सकाळी बँक उघडताच मी गटाची सगळी रक्कम भरून टाकली. एक रुपयाही कमी नाही.

12 जानेवारी म्हणजे आमच्याकडे हुतात्मा दिन. इंग्रजांविरुद्धच्या आंदोलनात सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघा सोलापूरकरांना 1931 साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. परतताना चार पुतळ्यांना घातलेले ताजे हार दिसले, आणि पावती मुठीत असून माझ्याने वर बघवलं नाही. घरी येऊन वही काढली. पावतीवर 12 होती. मी वहीत 6 लिहिली.

पुढच्या महिन्यात आमच्यातल्या एक अक्का बैठकीला आल्या नाहीत. त्या आता कुंभारीला राहतात, विडी कामगारांसाठी बांधलेल्या 10 हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. मजुरी मिळाली नव्हती म्हणून हप्ता राहिला होता. 11 तारखेला दुपारी त्या हप्ता द्यायला माझ्या घरी आल्या. मी मशीनवर होते. पाय थांबवला, वही काढली आणि म्हटलं, "अक्का, सहा दिवस उशीर. दंड 20 रुपये. गटाचा पैसा म्हणजे बारा घरांचा पैसा, तो वेळेवरच यायला पाहिजे, तुम्हाला काय वेगळं सांगायचं!" अक्कांनी पदराची गाठ सोडली. आत घडी घातलेली वीसची नोट होती आणि दोन नाणी. नोट त्यांनी माझ्या मशीनच्या फळीवर ठेवली, हाताने सपाट केली आणि काही न बोलता गेल्या.

रात्री नोंद करताना जानेवारीचं पान समोर आलं. 6 ते 12, माझेही सहाच दिवस.

पहिल्यांदा दोन्ही वेगळं करा

एक कोरा कागद घ्या आणि जे घडलं ते क्रमाने लिहा, कारणं न लिहिता. फक्त काय केलं आणि कधी केलं. माझा कागद असा होता: पैसे काढले. परत भरले. तारीख खोटी लिहिली. अक्कांना दंड लावला. वर उपदेश केला.

आता प्रत्येक ओळीसमोर एवढंच विचारायचं: हे करताना मला हे वाईट आहे असं वाटत होतं का, आणि ते वाटणं मी दुसऱ्यांसमोर कसं वापरलं? पैसे काढताना माझे हात गार पडले होते. गटाचा पैसा गटाचाच, हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. मानत असून मोडलं, ही घसरण. उपदेश करताना मात्र हात गार पडले नाहीत. उलट बोलताना बरं वाटलं, आपण किती काटेकोर असं वाटलं. ढोंग शिरलं ते तिथे. जो नियम मी स्वतः चोरून मोडला होता, त्याच नियमावर उभं राहून मी अक्कांपेक्षा उंच झाले.

माझे सासरे रोज गीतेचा अध्याय वाचायचे, त्यामुळे तिसरा अध्याय कानावरून कितीदा तरी गेला असेल. या गोष्टीनंतर तो मी स्वतः अर्थासकट वाचला. सहाव्या श्लोकात 'मिथ्याचार' हा शब्द येतो. हातापायांना आवरून बसलेला आणि मनात भोगाचे विषय घोळवत राहिलेला, त्याला तो शब्द लावलाय. आणि त्याच अध्यायात पुढे छत्तिसाव्या श्लोकात अर्जुन विचारतो की माणूस इच्छा नसतानाही, कोणीतरी बळजबरीने ढकलल्यासारखा, पाप का करतो? कृष्ण त्याला ढोंगी म्हणत नाही. काम आणि क्रोध हे वैरी आहेत, ते ओळख, असं सांगतो. एकाच अध्यायात दोन आजार, दोन नावं. मला त्याने फार धीर आला, कारण तोवर मी स्वतःला सरसकट 'ढोंगी' म्हणून मोकळी होत होते. सरसकट शिवी देऊन घेतली की काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही.

लपवलं की नुसतं सांगितलं नाही?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. आपली प्रत्येक चूक चौकात जाऊन सांगितली नाही म्हणजे ढोंग, असं नाही. माझं सासूबाईंशी वाजलं, मी जेवणाचं ताट सरकवून उठले, त्याची मला लाज वाटते. पण ते गटाला सांगायची मला गरज नाही. घरातलं घरात मिटवावं.

म्हणून प्रश्न असा विचारा: या बाबतीत माझ्यावर कोण विसंबून आहे? पैशाच्या बाबतीत त्या अकरा जणी माझ्यावर विसंबून आहेत. मी 6 तारखेला पैसे भरले असं समजून त्या निवांत झोपतात. त्यांची ही समजूत खोटी आहे हे माहीत असून मी ती तशीच राहू दिली. विसंबलेल्या माणसाची समजूत जाणूनबुजून खोटी ठेवली, तर ते लपवणं. जो विसंबलेलाच नाही त्याला न सांगणं ही खाजगी बाब.

मापाची परीक्षा

आपली चूक मापताना आणि दुसऱ्याची मापताना वजनं बदलतात का, ते बघायचं. सगळ्यात सोपी खूण म्हणजे आपल्या तोंडी येणारं वाक्य: "माझं वेगळं होतं." माझ्याही मनात तेच होतं. मुलाचं वर्ष वाया गेलं असतं, मी पैसे परत भरलेच की, अक्कांचं काय, त्या नेहमीच्याच उशिरा येणाऱ्या.

कधीकधी खरंच वेगळं असतं, हे मी नाकारत नाही. दवाखान्याची वेळ आली तर नियम बाजूला ठेवावा लागतो. पण मग ते कारण मोठ्याने सांगता आलं पाहिजे, आणि तेच कारण घेऊन उद्या दुसरी आली तर तिलाही तीच सूट देता आली पाहिजे. मी स्वतःला विचारलं, अक्कांनी मुलीच्या फीसाठी गटाचे 1,800 सहा दिवस वापरले असते तर? मी बैठक बोलावली असती. उत्तर एवढं लवकर आलं की मी गप्पच झाले.

आमच्या भागातलं पाण्याचं उदाहरण घ्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी सगळी गल्ली हंडे, पिंप, बादल्या घेऊन जागी असते. नळाला थेट मोटर लावली की पुढच्या घरांचं पाणी ओढलं जातं, हे पोरालाही माहीत आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पाणी जपून वापरा म्हणून सगळ्यांना समजावतात, बायकांना अंगण धुताना टोकतात, आणि त्यांच्या नळापाशी पोतं टाकलेलं असतं. पोत्याखाली मोटर. आता दुसरी एक बाई बघा. तिच्या घरी बारसं होतं, पाहुणे आलेले. तिने एकदा अर्धा तास मोटर लावली, पण आधी दोन्ही बाजूच्या घरांत जाऊन सांगून आली आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी आपला नळ आधी बंद केला. नियम दोघांनीही मोडला. पोतं मात्र एकानेच टाकलं होतं.

आणि हेही ध्यानात ठेवा की त्या गृहस्थांच्या पोत्याखाली मोटर आहे म्हणून पाणी जपून वापरायचं काही कमी महत्त्वाचं होत नाही. सांगणारा खोटा निघाला की सांगणंच खोटं, असं धरून आपण मोकळे होतो. तीही एक पळवाटच.

विडी वळणाऱ्या आईने 'विडी ओढू नको' सांगावं का?

हा प्रश्न मला माझ्या मुलानेच विचारला होता, चौदाचा असताना. शाळेतून येताना त्याच्या तोंडाला वास आला. मी मांडीवर सूप घेऊन बसले होते, दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या होत्या. मी ओरडले. तो म्हणाला, "तू दिवसभर वळतेस ते चालतं, आणि मी एक ओढली तर पाप? ढोंगी आहेस तू."

तेव्हा मला उत्तर आलं नाही. पानं भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, हे करताना तंबाखूची भुकटी नाकातोंडात जायची ती रात्रीच्या खोकल्यात बाहेर यायची. त्या पैशावर त्याचं दप्तर आलं होतं. तो म्हणाला त्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच ते लागलं.

आज मी त्याला असं सांगेन, आणि अशा जागी अडकलेल्या प्रत्येक आईबापाला सांगते: आपलं जगणं आपल्या शिकवणीपेक्षा खाली असेल, तर शिकवण खाली आणू नका. दोन्हींतलं अंतर स्वतःच्या तोंडाने सांगा. "होय, मी हे वळते. दुसरं काम मिळेपर्यंत वळावं लागतंय. यातली भुकटी माझ्या छातीत आहे, म्हणूनच तुला सांगते, ओढू नको." यात ढोंग कुठे आहे? "आमच्या घरात तंबाखूला थारा नाही" असं पाहुण्यांपुढे मिरवलं असतं आणि सूप कॉटखाली सरकवलं असतं, तर ते ढोंग झालं असतं.

ढोंगी म्हणतील या भीतीने पुष्कळ चांगली माणसं बोलायचं सोडून देतात. दारू न सुटलेला बाप मुलाला दारूबद्दल काहीच सांगत नाही. म्हणतो, मला कुठे तोंड आहे? मला हे पटत नाही. त्याच्याएवढं तोंड दुसऱ्या कुणाला आहे? फक्त त्याने वर चढून बोलू नये, शेजारी बसून बोलावं.

पुन्हा पुन्हा घसरणाऱ्याचं काय?

माझे दीर. पंढरपूरला जाऊन विठ्ठलासमोर तंबाखू सोडल्याची शपथ किती वेळा घेतली, मोजलेलं नाही. दर वेळी चंद्रभागेवरून येतात, आठ-पंधरा दिवस नीट जातात, मग पुन्हा तळहातावर चुना. घरातले त्यांना ढोंगी म्हणायचे. मीही म्हणायचे.

पण ते रडून घरी येत, स्वतः सांगत. लपवलं कधीच नाही, दुसऱ्या तंबाखूवाल्याला कधी नावं ठेवली नाहीत. वरच्या दोन्ही परीक्षांत ते पास होत होते. तरी काहीतरी अडत होतं, आणि ते काय हे त्यांच्या शेवटच्या खेपेला कळलं. तोवर शपथ व्हायची, रडणं व्हायचं, पण डबी शर्टाच्या खिशातच राहायची. शेवटच्या खेपेला त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला जाऊन सांगितलं की मला उधार देऊ नकोस, आणि डबी भावाच्या हातात दिली. त्यानंतरही दोनदा घसरले. पण आम्ही कुणी ढोंगी म्हटलं नाही.

तेव्हा वारंवार घसरत असाल तर पश्चात्ताप किती झाला ते मोजत बसू नका. घरातली, खिशातली, रस्त्यातली कोणती गोष्ट बदलली ते बघा. काहीच बदललं नसेल आणि रडणं तेवढं होत असेल, तर सावध व्हा. रडण्याचीही सवय लागते आणि ते इतरांना दाखवायला बरं पडतं.

दुसऱ्याला ढोंगी म्हणायच्या आधी मात्र थांबा. एका घसरणीवरून ते ठरत नाही. नियम तो दुसऱ्याला लावतो का, स्वतःचं जाणून लपवतो का, आणि उघडं पडल्यावर चुकीबद्दल बोलतो की सांगणाऱ्यावर चिडतो, या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी आता तो शब्द वापरत नाही.

परत यायचं कसं

गांधीजी पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा काढला, भावावरचं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला. मग ते सोसेना. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हातात दिली. त्या चिठ्ठीत काय होतं ते त्यांनी आत्मकथेत नोंदवलंय, आणि ते नीट बघण्यासारखं आहे: गुन्हा कबूल, योग्य ती शिक्षा द्या, माझ्या गुन्ह्यासाठी तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका, आणि पुन्हा चोरी करणार नाही. कारणं चिठ्ठीच्या तोंडाशी नाहीत. वडिलांनी वाचली, रडले आणि चिठ्ठी फाडून टाकली.

मार्चच्या बैठकीला जाण्याआधी मी माझी चिठ्ठी तीनदा लिहिली. पहिल्या दोन्हींची सुरुवात "परिस्थितीच अशी होती की" अशी होती. फाडल्या. तिसरी अशी झाली: "5 जानेवारीला जमलेल्या पैशांतले 1,800 मी माझ्या घरी वापरले. 12 ला सगळे भरले. वहीत 6 लिहिलं, ते खोटं. फेब्रुवारीत अक्कांना उशिराबद्दल दंड लावला आणि बोलले, तेव्हा मी स्वतः तेच केलं होतं." माफ करा हे वाक्य मी मुद्दाम घातलं नाही. त्याच दमात माफी मागितली की समोरच्यांना लगेच "असू दे, असू दे" म्हणावं लागतं, आणि त्यांचा राग त्यांच्या पोटातच राहतो. रागावायला त्यांना वेळ द्यावा.

सांगताना विसंबलेले सगळे हजर असावेत, पुरावा सोबत न्यावा आणि पुढे काय बदलायचं ते त्यांच्यावर सोडावं. मी बँकेची पावती आणि पासबुक मध्ये सतरंजीवर ठेवलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "ताई, वही दुसरीकडे द्या." दुसरी म्हणाली, लिहायला यांच्याशिवाय कोण आहे? बोलाबोली झाली, एक-दोघी मला टोचून बोलल्या, ते मी ऐकलं. शेवटी ठरलं की वही माझ्याकडेच राहील, बँकेत दोघींनी मिळून जायचं आणि दर बैठकीच्या सुरुवातीला पासबुक मोठ्याने वाचायचं. तो नेम आजही चालू आहे.

मी पिशवीतून वीसची नोट काढून अक्कांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"माझा हप्ता उशिरा आला होता का नव्हता?"

"आला होता, अक्का."

"मग दंड बरोबर. ते वीस गटाचे. तुझे पण सहा दिवस झाले ना? लिही."

मी फेब्रुवारीच्या पानावर अक्कांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. उशीर सहा दिवस, दंड 20. नोट पेटीत टाकली. मग पान मागे उलटून जानेवारीतल्या 6 वर रेघ मारली, शेजारी 12 लिहिलं, आणि वही सहीसाठी अक्कांकडे सरकवली.